छायाचित्र आधी भिंतीवर, मग चौकटीत
छोट्या प्रोजेक्टरवर ग्राहकाला छायाचित्रे दाखवताना काय पाहावे, काय पाहू नये

लग्नसराई आटोपली की छायाचित्रकाराच्या कामाचा दुसरा आणि अधिक नाजूक टप्पा सुरू होतो. टिपलेल्या शेकडो छायाचित्रांतून अल्बमसाठी कोणती घ्यायची आणि बैठकीच्या खोलीत कोणते मोठे करून लावायचे, हे ग्राहकाला ठरवायचे असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत अंतरे मोठी आहेत. सिरोंचा ते गडचिरोली हाच प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरचा. निवडीसाठी सगळ्या कुटुंबाने स्टुडिओत यायचे म्हणजे एक दिवस मोडतो. मोबाईलवर छायाचित्रे पाठवण्याचा मार्ग सोपा असला, तरी तळहाताएवढ्या पडद्यावर आजीला नातीचा चेहराही नीट दिसत नाही. अशा वेळी पिशवीत मावणारा प्रोजेक्टर घेऊन छायाचित्रकारानेच ग्राहकाच्या घरी जाणे सोयीचे ठरते. घरातील सर्वांना एकाच वेळी, एकच चित्र पाहता येते आणि वडीलधाऱ्यांचे मतही निवडीत येते.

जुनीच वाट

प्रकाशचित्रे गावोगावी नेऊन दाखवण्याची महाराष्ट्रातील परंपरा चित्रपटाहून जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. दिवा, भिंग आणि चित्र एवढ्याच त्या साधनाच्या गोष्टी होत्या. पुढे ३५ मिलिमीटरच्या रंगीत पारदर्शिकांचा, म्हणजे स्लाइडचा काळ आला. वन्यजीव छायाचित्रकारांचे काम अनेक वर्षे स्लाइड प्रोजेक्टरवरच पाहिले गेले. कोडॅक कंपनीने २००४ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबवले, तर ‘कोडाक्रोम’ ही प्रसिद्ध फिल्म २००९ मध्ये बंद केली. आजच्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याच्या जागी एलईडी आणि स्लाइडच्या जागी सूक्ष्म चिप आली आहे. तत्त्व मात्र तेच आहे.

आकाराचे गणित

या साधनाचा खरा उपयोग छायाचित्राचा आकार दाखवण्यासाठी आहे. वीस बाय तीस इंचांचे छायाचित्र भिंतीवर कसे दिसेल, हे ग्राहकाला कल्पनेने सांगता येत नाही. जिथे चौकट टांगायची, त्याच भिंतीवर मोजपट्टीने ७६ बाय ५१ सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि चित्र त्या खुणांत बसवावे. प्रोजेक्टर भिंतीच्या अगदी समोर, काटकोनात ठेवावा. तो तिरपा ठेवून चित्र यंत्राकडून सरळ करून घेतल्यास स्पष्टता घटते.

यासाठी महागड्या यंत्राची गरज नसते. प्रोजेक्टरचा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. शंभर ल्युमेनच्या यंत्राची चौकट सोळास नऊ प्रमाणाची असते. कॅमेऱ्यातील आडवे छायाचित्र तीनास दोन प्रमाणाचे असल्याने त्यातील सुमारे ८४ टक्केच प्रकाश वापरला जातो. वीस बाय तीस इंचांवर हा प्रकाश सुमारे २१७ लक्स भरतो. दिवे मालवलेल्या खोलीत तो पुरेसा आहे. तेच चित्र तीन मीटर रुंद केले, तर अवघे १४ लक्स उरतात. रुंदी दुप्पट केली की उजेड चौथाईवर येतो. उभे छायाचित्र त्याच आकारात दाखवल्यास ते आडव्याच्या निम्म्याहूनही कमी उजळ दिसते, कारण चिपचा बराचसा भाग रिकामा राहतो.

खरेदी करताना वेष्टनावरील मोठ्या आकड्यांना भुलू नये. ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ पद्धतीने मोजलेले ल्युमेनच विचारावेत. केवळ दिव्याचा प्रकाश सांगणारा आकडा भिंतीवरच्या उजेडाबद्दल काही सांगत नाही.

रंगाचा निवाडा येथे नको

प्रोजेक्टरवर दोन गोष्टींचा निर्णय करू नये. पहिली, बारकाव्याची. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र पूर्ण एचडी प्रोजेक्टरवर जेमतेम साडेसतरा लाख पिक्सेलमध्ये दिसते. म्हणजे मूळच्या सुमारे चौदा पिक्सेलमागे एक. किंचित हललेले छायाचित्रही भिंतीवर धारदार भासते आणि दोष छापल्यावर उघडा पडतो. असे छायाचित्र छपाईला देण्यापूर्वी संगणकावर पूर्ण आकारात तपासावे लागते.

दुसरी गोष्ट रंगाची. निळसर किंवा हिरवट रंगाच्या भिंतीवर हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल दोन्ही बदलतात. पांढरी, सुरकुती नसलेली चादर ताणून लावल्यास फरक कमी होतो, पण संपत नाही. प्रोजेक्टर काळा रंग निर्माण करू शकत नाही. जिथे प्रकाश टाकायचा नाही, तिथे खोलीतील उजेडाइतकीच भिंत उजळ राहते. म्हणूनच बांबूच्या सावलीत बसलेल्या वाघाच्या चित्रातील गडद भाग राखाडी, धुरकट दिसतो. उपाय साधा आहे. त्याच छायाचित्राची एक लहान छापील प्रत सोबत न्यावी. आकार भिंतीवर पाहावा, रंग कागदावर.

ऊन आणि वीज

बहुतेक छोट्या प्रोजेक्टरना ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या तापमानात काम करण्यासाठी बनवलेले असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नेमकी तीच लग्नसराईची व व्याघ्रदर्शनाची वेळ असते. यंत्र तापले की ते प्रकाश कमी करते किंवा बंद पडते. बंद गाडीत ते ठेवू नये, हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि खेळ रात्री उशिरा लावावा. दुर्गम गावांत विजेवर विसंबता येत नाही. ४० वॅट घेणारे यंत्र १०० वॅट-तासांच्या बॅटरीवर सुमारे दोन तास चालते. निवडीच्या एका बैठकीला तेवढा वेळ पुरतो. त्याहून लांबलेली बैठक मुळातच छायाचित्रे जास्त असल्याचे लक्षण आहे. आधी चाळणी करून साठ-सत्तर चित्रेच न्यावीत.

ताडोबाच्या दारी

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये आणि अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये अस्तित्वात आले. १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मोहर्ली, कोलारा परिसरात मुक्कामी येणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना मार्गदर्शक सायंकाळी भिंतीवर त्यांचीच चित्रे दाखवतो, तेव्हा चौकट कुठे चुकली, फांदी कुठे आडवी आली हे सर्वांना एकदम कळते. असा खेळ खोलीच्या आतच लावावा. जंगलाच्या काठावर उघड्या भिंतीवर टाकलेला प्रकाश किडे गोळा करतो आणि रात्रीच्या अंधाराला बाधा आणतो. घरटी, पिल्लांच्या जागा ओळखू येतील अशी छायाचित्रे परक्यांपुढे न दाखवणे बरे.

हक्क कोणाचा?

नवा ग्राहक मिळवण्यासाठी जुन्या ग्राहकाच्या लग्नाची चित्रे दाखवण्याची रीत सर्रास आढळते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे लेखी संमती घेणे दोघांच्याही हिताचे ठरते.

भिंतीवरचे मोठे, उजळ चित्र भुरळ घालणारे असते. त्या भरात ग्राहकाने ऐपतीपलीकडचा आकार मागितला, तर पुढे चौकट पाहून पश्चात्ताप होतो. शेताच्या हंगामावर घरखर्च चालणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नसते. म्हणून त्याच भिंतीवर बारा बाय अठरा इंचांचे चित्रही तितक्याच वेळ दाखवावे, दोन्हींची किंमत तेथेच सांगावी आणि दिवे लावून घरच्यांना आपसांत बोलू द्यावे. निर्णय दुसऱ्या दिवशी कळवला तरी चालतो.