हस्तिदंताचे पाच तुकडे

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये वेझेर नावाची एक नदी आहे. तिच्या काठचे चुनखडीचे कडे पायथ्याशी झिजून त्यांच्या पोटात ऐसपैस ओसऱ्या तयार झाल्या आहेत. हिमयुगातील माणसांनी तेथे पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाडे केली. ला मादलेन येथील अशाच एका ओसरीत १८६४ च्या मे महिन्यात खोदकाम चालू होते. काम एदुआर लार्ते यांचे. हे गृहस्थ शिकले वकिली, पण रमले जीवाश्मांत. पैसा हेन्री क्रिस्ती या इंग्रज धनिकाचा. एके दिवशी लार्ते पाहुण्यांना घेऊन तेथे गेले, तो मजुरांनी हस्तिदंताच्या जाड पट्टीचे पाच तुकडे नुकतेच बाहेर काढले होते. तुकडे जुळविले, तेव्हा त्यांवर रेघांचे जाळे दिसू लागले.

त्या रेघांना एवढे मोल का आले, हे कळण्यासाठी त्या काळचा वाद ध्यानात घ्यावा लागेल. मॅमथ हा आजच्या हत्तींहून निराळा आणि नामशेष झालेला प्राणी आहे, हे क्यूव्हिए यांनी १७९६ सालीच प्रतिपादिले होते. परंतु माणसाने तो जिवंत पाहिला होता काय? बहुतेक विद्वान 'नाही' म्हणत. मॅमथ गेल्यानंतर माणूस आला, असे ते मानीत. आबव्हिलचे जकात-अधिकारी बूशे द पेर्थ सोम नदीच्या गोटेमिश्रित थरांतून चकमकीच्या दगडाची हत्यारे आणि लुप्त प्राण्यांची हाडे एकत्र काढून दाखवीत, आणि विद्वान त्यांना हसत. आक्षेप अगदीच पोरकट नव्हता, हे आम्ही कबूल करतो. पुराचे पाणी कुठले हाड कुठल्या दगडाशेजारी नेऊन टाकील, याचा नेम काय? १८५९ साली इंग्रज भूशास्त्रज्ञांनी सोमच्या काठी जाऊन खात्री करून घेतली आणि वारे फिरले. तरी सगळा पुरावा शेजाराचाच होता. हाडाशेजारी हत्यार, एवढेच.

लार्ते यांच्या पाहुण्यांत ह्यू फाल्कनर होते, आणि येथे या हकीगतीचा धागा आपल्या देशाशी येऊन मिळतो. हे स्कॉटिश डॉक्टर १८३० साली कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाची देखरेख करता करता कालव्यांचे इंजिनिअर कॉटली यांच्या जोडीने त्यांनी शिवालिक टेकड्या धुंडाळल्या आणि लुप्त हत्तींच्या कवट्या, दाढा, सुळे यांचा प्रचंड संग्रह केला. आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातील लुप्त हत्तीला 'नमादिकस' हे नाव याच जोडीने दिले. जिवंत हत्ती आणि अश्मीभूत हत्ती या दोहोंशी इतका सलगीचा परिचय असलेला दुसरा माणूस त्या वेळी युरोपात क्वचितच असेल.

फाल्कनर यांनी त्या रेघांत हत्तीचे मस्तक तत्काळ ओळखले. मग त्यांनी बोट ठेविले ते खाली लोंबणाऱ्या रेघांच्या झुबक्यांवर. हे केस होते! आपल्या देवळांच्या गजथरांतील हत्ती डोळ्यांपुढे आणा. त्यांच्या अंगावर असे लोंबते केस कोण कोरील? हत्तीला असे केस असत, हे युरोपला सायबेरियातील बर्फामुळे ठाऊक झाले होते. लेना नदीच्या मुखाशी १७९९ साली दिसलेले मॅमथचे शव १८०६ साली ॲडम्स यांनी सोडवून आणिले. मांस बव्हंशी श्वापदांनी खाल्ले होते, परंतु कातडे आणि केस राहिले होते.

जुना सुळा जमिनीत सापडून पुढे केव्हाही कोणी त्यावर चित्र कोरू शकेल, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात आलीच असेल. शंका रास्त आहे. पण सुळ्यावरून केस कसे कळावेत? सांगाड्यालाही केस नसतात. उंच घुमटाकार माथा, वळलेले सुळे आणि लोंबते केस हे तिन्ही एकत्र कोरणाऱ्याने तो प्राणी चालता-फिरता पाहिला असला पाहिजे. येथे पुराच्या पाण्याचा आक्षेप लागू पडत नाही. हाडाशेजारी पडलेले हत्यार आणि मॅमथच्याच दातावर काढलेली मॅमथची आकृती, यांत आम्हांला तरी फार मोठे अंतर वाटते. ही वस्ती सुमारे १५,००० वर्षांपूर्वीची असावी, असे आज मानितात. लार्ते यांच्यापाशी असा आकडा काढण्याचे साधन नव्हते आणि या अनुमानाला त्याची गरजही नव्हती.

लार्ते यांनी हा शोध १८६५ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडिला. ज्यांच्या डोळ्यांनी तो प्रथम ओळखला ते फाल्कनर त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते, आणि क्रिस्ती मे महिन्यात.