पद्मपूरचा नाटककार आणि मंडईची रात्र

माझी कादंबरी कोणी छापायला घेईना, त्या दिवसांत मी भवभूती नव्यानं वाचायला घेतला. कारण अगदी घरचं होतं. आमगावला लागूनच पद्मपूर आहे, माझं माहेर त्याच भागातलं, आणि मी शिकले त्या आमगावच्या महाविद्यालयाला नावही भवभूतीचंच. नाव रोज पाटीवर दिसायचं. माणूस मात्र मला चाळिशी उलटल्यावर भेटला.

भवभूती आठव्या शतकातला. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत त्यानं स्वतःची ओळख मोकळेपणानं दिली आहे, हे आपलं भाग्य. मूळ गाव पद्मपूर, गोत्र काश्यप, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. हे पद्मपूर नेमकं कोणतं यावर विद्वानांचं एकमत नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं ठरवलं. वाकाटकांचा एक अर्धवट राहिलेला ताम्रपट दुर्गकडे मिळाला, त्यात पद्मपुराचं नाव आहे. दुर्ग म्हणजे आमच्याच रेल्वेमार्गावर, डोंगरगड-राजनांदगावच्या पुढे. मला मिराशींचं म्हणणं पटतं, आणि इथली आहे म्हणून पटतं असं कुणी म्हटलं तर त्यालाही माझी हरकत नाही.

या माणसाला हयातीत मान मिळाला का? कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त तो कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी असल्याचा उल्लेख आहे. पण 'मालतीमाधव'च्या प्रस्तावनेतला त्याचा आवाज दरबारात सुखावलेल्या कवीचा नाही. नावं ठेवणाऱ्यांना तो सरळ सांगतो की हा खटाटोप तुमच्यासाठी नव्हेच. आपल्या मनाचा माणूस कधीतरी, कुठेतरी जन्मेल, याची वाट बघायला तो तयार आहे. हे दुखावल्याशिवाय कुणी लिहीत नाही.

त्याच प्रस्तावनेतली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. तिथला सूत्रधार सांगतो, या कवीचा नटांशी मुळातच स्नेह आहे आणि त्यानं आपली कृती आमच्या हाती सोपवली. तिन्ही नाटकांचा प्रयोग होतो तो कालप्रियनाथाच्या यात्रेत. संस्कृत नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा येतो. इथे मात्र यात्रेला जमलेली गर्दी आहे, नटांची मंडळी आहे आणि त्यांच्यात ऊठबस असलेला लेखक आहे.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, वाढलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य होतं आणि रात्री नाटक. कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की त्या रात्रीही नाटक ठरलेलं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत हा हंगाम धानाच्या कापणीपासून होळीच्या आसपासपर्यंत चालतो. कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, तिकिटं लावतं आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत झळकलं. इथल्या माणसाला ते सांगायची गरज नव्हती.

आमच्या भागात लेखकाला वाट होती ती या रंगभूमीची. 1956 पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात आणि 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळे होऊन गोंदिया जिल्हा. राज्यं बदलली, पण मराठी पुस्तकांची मोठी प्रकाशनं पुण्या-मुंबईलाच राहिली. या मातीवर गाजलेली पुस्तकं झाली नाहीत असं नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात येऊन राहिले, 'नागझिरा' लिहिलं. वानरांच्या टोळ्यांवरच्या त्यांच्या 'सत्तांतर'ला 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला होते आणि तिथलं तळं, पक्षी, माणसं त्यांच्या लेखणीतून महाराष्ट्रभर गेली. दोघांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण एक माणदेशाहून आले, दुसरे सोलापूरहून. इथं जन्मून इथंच लिहिणारा बहुतेक वेळा नाटक लिहायचा, कारण त्याचं लिखाण त्याच हिवाळ्यात हजारो लोकांच्या कानावर पडायचं.

मी मात्र कादंबरी लिहिली. एका प्रकाशकाकडून बाड न उघडताच परत आल्यासारखं वाटलं, कारण मी बांधलेली सुतळीची गाठ तशीच होती. दुसऱ्यानं छपाईचा खर्च तुम्ही द्या म्हणून कळवलं. तिसऱ्यानं संवादांतली झाडीबोली काढून टाकायला सांगितलं. पुण्याच्या वाचकाला अडखळायला होतं म्हणे. ती मी काढली नाही. माझी माणसं सालेकशाच्या जंगलालगतची आहेत, ती दुसरं काही बोलणारच नाहीत.

पण खरी अडचण छपाईची नव्हतीच, ती कादंबरीच्या आत होती. माझी नायिका नवऱ्याच्या संशयाला कंटाळून घर सोडते आणि नागपूरला बांधकामावर मजुरीला जाते. नवरा दंडारीतला नट. त्याला पुढे पश्चात्ताप होतो. हा पश्चात्ताप तिला कळायला हवा, पण त्यानं तिच्यासमोर उभं राहून बोलायचं नाही, कारण तो तसा माणूसच नाही. पत्र लिहवून पाहिलं, खोटं वाटलं. शेजारीण निरोप घेऊन गेली, ते त्याहून वाईट. सगळा उत्तरार्ध तिथे अडला होता.

भवभूतीपुढेही गोष्टींच्या अशाच गाठी होत्या, आणि रामायणासारख्या सगळ्यांना पाठ असलेल्या कथेत होत्या. 'महावीरचरिता'त कैकेयीला दोष लागू नये म्हणून त्यानं शूर्पणखेला मंथरेच्या रूपात मिथिलेत आणलं आणि सगळ्या कारस्थानामागे रावणाचा मंत्री माल्यवान उभा केला. वाली त्याच्याच सांगण्यावरून रामाशी लढायला येतो, म्हणजे आडून मारलेल्या बाणाचा प्रश्न मिटला. हे सगळं हुशारीचं आहे, पण मला ते जुळवलेलं वाटतं. त्या नाटकाच्या पाचव्या अंकानंतरचा मजकूर वेगवेगळ्या पोथ्यांत वेगवेगळा सापडतो. बहुधा ते त्याच्या हातून पुरं झालंच नाही.

'उत्तररामचरिता'त मात्र त्यानं कमाल केली. तिसऱ्या अंकात राम पंचवटीत परत येतो आणि सीता तिथेच असते, पण गंगेच्या वरानं कुणाला दिसत नाही. तो जुन्या खुणा बघून कोसळतो, ती शेजारी उभी राहून प्रत्येक शब्द ऐकते. त्याला वाटतं ती इथे नाही, म्हणूनच तो खरं बोलतो. तिच्या रागाचं काय होतं ते आपण तिच्या तोंडून ऐकतो. माझ्या अडलेल्या प्रकरणाला नेमकं हेच हवं होतं.

मग मी मंडईची रात्र लिहिली. नायिका भावाकडे आलेली, बायकांच्या गर्दीत डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. नवरा स्टेजवर, आणि नाटकातल्या बायकोची क्षमा मागताना लिहिलेले संवाद सोडून भलतंच बोलत सुटलेला. पेटीवाला गोंधळतो, प्रेक्षकांना तो अभिनय वाटतो. फक्त तिला कळतं.

हे प्रकरण मी आमच्या नात्यातल्या, जन्मभर दंडारीत काम केलेल्या एका मामांना वाचून दाखवलं. अर्ध्यातच ते म्हणाले, "बाई, वाचून नोको दाखवू, बोलून दाखव." बोलायला लागल्यावर कळलं, नवऱ्याची वाक्यं फार लांब होती. रडणारा माणूस एवढ्या दमाचं बोलत नाही. मामांनी उठून ती वाक्यं स्वतः तोडली, कुठे नुसता हुंकार ठेवला, आणि मी ते तसंच उतरवून घेतलं. नटांशी भवभूतीचा स्नेह होता, त्याचा त्याला काय उपयोग झाला असेल हे मला त्या दुपारी समजलं.

एका ठिकाणी मात्र मी त्याच्या मागे गेले नाही. वाल्मीकीची सीता धरणीत जाते; भवभूतीनं सातव्या अंकात नाटकातच नाटक रचून राम-सीतेची भेट घडवली. माझी नायिका नाटक संपायच्या आत उठते आणि पहाटेच्या गाडीनं नागपूरला निघून जाते. तिनं सगळं ऐकलं आहे, तिचा रागही उतरला आहे, पण ती त्या घरात परतणार नाही. नव्या बाडाची पहिली प्रकरणं एका प्रकाशकानं मागवून घेतली आहेत. शेवट गोड करता येईल का, असं त्यांनी फोनवर विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं, आणि उरलेली प्रकरणंही पाठवून दिली.