सोयरीक आणि संशय

राज्याची गुपिते कोणाच्या हाती सोपवावीत, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. अमात्याचे गुण सांगताना कौटिल्याने ‘जानपद’, म्हणजे त्याच देशात जन्मलेला, हा गुण आरंभीच घातला. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. धर्म, अर्थ, काम व भय ह्या चार उपधांनी माणसाची परीक्षा घ्यावी, असेही त्याने सांगून ठेवले. ही परीक्षा गाळून केवळ जन्म व सोयरीक पाहिली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण इंग्लंडच्या आरमाराच्या इतिहासात सापडते.

प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग ह्यांचा जन्म १८५४ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे एका जर्मन राजकुळात झाला. १८६८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ब्रिटिश प्रजाजन होऊन ते इंग्लंडच्या आरमारात शिरले. १९०२ ते १९०५ ह्या काळात आरमाराचे गुप्तवार्ता खाते त्यांच्याच हाती होते. १९१२ च्या अखेरीस ते फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे आरमारी अधिकाऱ्यांत सर्वश्रेष्ठ, झाले. तथापि जर्मन राजपुत्र ही पदवी त्यांनी सोडली नव्हती. शिवाय त्यांचे एक साडू प्रिन्स हेनरी हे कैसरचे सख्खे बंधू व जर्मन आरमाराचे सेनानी होते. दुसरे साडू रशियाचे झार निकोलस, म्हणजे इंग्लंडचे दोस्त; पण त्या सोयरिकीची आठवण कोणास होणार?

१९१४ च्या जुलैत आरमाराचा सराव संपून जहाजे पांगणार होती. चर्चिल लंडनबाहेर असताना लुईंनी २६ जुलैस ती थोपवून धरली. म्हणून ४ ऑगस्टला युद्ध पुकारले गेले तेव्हा आरमार सज्ज होते. परंतु २२ सप्टेंबरला एका जर्मन पाणबुडीने तीन क्रूझर बुडविल्या आणि लोकक्षोभाला जर्मन नावाचा धनी आयताच मिळाला. वर्तमानपत्रांतून कुजबुज वाढली, निनावी पत्रे येऊ लागली. २७ ऑक्टोबरला त्यांचा पुतण्या मॉरिस ब्रिटिश सैन्यातून लढताना ईप्रजवळ पडला. दुसऱ्याच दिवशी लुईंनी राजीनामा लिहिला.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. त्यांच्या कारभाराविषयीही काहीसे असमाधान होते, आणि युद्धकाळी सेनानीवर लोकांचा विश्वास हवाच. परंतु त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, चौकशी झाली नाही. मग निर्दोष ठरण्याची संधी तरी कोठून मिळणार? १९१७ साली त्यांनी जर्मन पदव्या टाकून माउंटबॅटन हे नाव घेतले व १९२१ साली ते वारले. राजीनाम्याच्या वेळी चौदा वर्षांचा असलेला त्यांचा धाकटा मुलगा पुढे हिंदुस्थानचा शेवटचा व्हाइसरॉय झाला, आणि १९५५ साली बापाच्याच खुर्चीवर बसला.

अमेरिकेत २०१७ साली अमलात आलेल्या नियमांप्रमाणे गुप्त कागद पाहण्याची परवानगी देताना परदेशी आप्त व परदेशाकडील ओढा ह्यांचा स्वतंत्र विचार होतो. मात्र केवळ दुहेरी नागरिकत्वामुळे कोणी अपात्र ठरत नाही. संबंध लपविले काय, त्यांचा दाब येण्याजोगा आहे काय, हे तपासावे लागते. शंका उरलीच तर कौल राष्ट्राच्या बाजूने पडतो, आणि त्यात क्वचित एखाद्या प्रामाणिक माणसाची हानी होतही असेल. तरीही त्याला प्रश्न विचारले जातात व उत्तर देता येते. सेहेचाळीस वर्षे चाकरी केलेल्या लुईंना एवढेही लाभले नाही.