काळ्या दगडातले तळे आणि समुद्र

चांदूर रेल्वेच्या परिसरात बोअर मारताना उडणारी राखाडी भुकटी आपण सर्वांनी पाहिलेली असते. तो बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये काही काळ जाई. तेवढ्यात खोलगट जागी पाणी साचे, तळाशी गाळ बसे. हा गाळ दोन थरांत चिणला गेलेला काही ठिकाणी सापडतो.

इथे कधी समुद्र होता का? पश्चिमेकडचा खारपाणपट्टा माहीत असलेली मुले हे विचारणारच. पण नुसता खारटपणा हा समुद्राचा पुरावा नव्हे. निचरा नसेल तर पाण्याची वाफ होऊनही क्षार मागे राहतात. पुरावा शोधायचा तो गाळातल्या जीवाश्मांत.

हे काम आपल्याकडे प्रथम नेटाने केले ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. टाकळीच्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख मिळाले. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी या थरांची तुलना आंध्रातील राजमहेंद्रीच्या थरांशी केली. तिथे मात्र खाडीत राहणारे शिंपले होते. एकाच काळ्या दगडाच्या पोटात इकडे तळे आणि तिकडे खाडी! शंखशिंपल्यांवरून काढलेला हा निष्कर्ष अजून टिकून आहे, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

राजमहेंद्रीच्या पुढे हे थर जमिनीखाली जातात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तेलाच्या शोधासाठी ओएनजीसीने खोल विहिरी खोदल्या. पाण्याच्या बोअरमध्ये दगडाचा चुरा होतो आणि कोणता कण किती खोलीवरचा, हे नीट कळत नाही. गाभा काढताना पोकळ, हिरेजडित पाते वापरतात. दगडाची अखंड कांडी वर येते, थरांचा क्रम शाबूत राहतो. ती खालून वर वाचायची. भरड वाळू किनाऱ्याजवळची, बारीक चिखल शांत पाण्यातला. फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचे त्याहून बोलकी असतात: तरंगणाऱ्या जाती कमी आणि तळाशी राहणाऱ्या जास्त असल्या, तर समुद्र बहुधा उथळ होता.

गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या निबंधात या विहिरींतील लाव्हाथरांमधला गाळ तपासला. लाव्हाचे हे लोट पश्चिमेकडून हजारावर किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत गेले होते. त्याच काळात तरंगत्या फोरामिनिफेरांच्या जाती झपाट्याने घटल्याचे त्यांना दिसले. डायनोसॉरही याच सुमारास संपले. दोष लाव्हाचा की उल्कापाताचा, हा वाद मिटलेला नाही.

दुसरा वाद आपल्या अधिक जवळचा. सातपुड्यातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे लाव्हाथरांमधल्या गाळात समुद्री फोरामिनिफेरा सापडल्याचे केलर, सुनील बाजपेयी, धनंजय मोहबे आदींनी २००९ मध्ये जाहीर केले. गाळ बराचसा गोड्या पाण्यातला, मध्ये एक छोटा पट्टा मचूळ पाण्याचा. नर्मदा आणि तापी यांच्या खचदऱ्यांतून समुद्राचा फाटा आत आला असावा, असा त्यांचा तर्क आहे. तो सर्वांनी मान्य केलेला नाही. वऱ्हाडची पूर्णा तापीलाच मिळते.