बस

एकाच उच्चाराचे, वेगवेगळ्या मुळांचे मराठीतील तीन शब्द. लिंबागणेशच्या (ता. बीड) थांब्यावर ‘बस आली, पुढं बस, बस्स झालं आता’ असे कोणी म्हटले, तर तिन्ही एका दमात येतात.

(१) वाहन, स्त्रीलिंगी. लॅटिन ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२० च्या दशकात फ्रान्समधील नांत शहरात भाड्याच्या सामायिक घोडागाडीला हे नाव मिळाले, १८२९ मध्ये ते लंडनला पोचले. इंग्रजांनी पुढे शब्दाचे शेपूटच तेवढे ठेवले. व्याकरणदृष्ट्या ते निव्वळ विभक्तिप्रत्यय आहे. प्रत्ययाला चाके फुटल्याचे असे उदाहरण विरळाच. विजेच्या फलकातला ‘बसबार’ आणि संगणकातील ‘बस’ याच कुळातले. बीड भाग ज्यात होता त्या निजामी राज्यात सरकारी बससेवा १९३२ पासूनची. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. गावात मात्र ‘एसटी’ किंवा ‘गाडी’च म्हणतात.

(२) ‘बसणे’चे आज्ञार्थी रूप. संस्कृत ‘उपविश्’वरून, ज्ञानेश्वरीत ‘बैसणे’.

(३) ‘पुरे’ या अर्थी अव्यय, फारसीतून आलेले. जोर देताना ‘बस्स’ असे उच्चारतात.