अभयातला ‘अ’

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलो की कर्नाळ्याच्या पायथ्याशी आपल्याला ‘पक्षी अभयारण्य’ ही पाटी भेटते. 1968 साली हे अभयारण्य झाले. इंग्रजी ‘सँक्च्युअरी’च्या मुळाशी पावित्र्य आहे, आपण मात्र देवळाकडे न पाहता भयाकडे पाहिले आणि त्याआधी ‘अ’ जोडला. कल्पना जुनीच. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त, सूनाध्यक्षाच्या प्रकरणात, ‘अभयवन’ येते. तिथल्या पशुपक्ष्यांना धरणाऱ्या-मारणाऱ्यास उत्तम दंड, म्हणजे सर्वांत जबर, सांगितला आहे.

इंग्रजीतही असे नकार दडलेले आहेत. ‘असायलम’मधला ‘अ’ ग्रीक, आपल्या ‘अ’चा सख्खा भाऊ: जिथून कोणाला ओढून नेता येत नाही ती जागा. (पुढे हेच नाव वेड्यांच्या इस्पितळांना मिळाले, आणि तिथून बाहेर पडणेच अवघड झाले!) ‘सिक्युअर’मधला ‘सी’ लॅटिन, अर्थ ‘वाचून’: चिंतेवाचून असलेला. हे उपसर्ग शब्दांत इतके मुरले, की आज इंग्रजी वाचकाला ते जाणवतही नाहीत.

आपला ‘अ’ अजून लख्ख दिसतो. परंतु ‘सिक्युअर’ माणूस आपल्यापुरता असू शकतो. अभय मात्र कोणीतरी द्यावे लागते, आणि देणारा सत्ताधीशच असतो. कर्नाळ्याच्या किल्लेदाराचे नातू, जवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, यांना ते मिळाले नाही. सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम लावले, 1879 साली ते सापडले आणि 1883 साली एडनला कैदेत वारले. त्यांच्या आजोबांच्या डोंगराभोवती आज अभय आहे ते पाखरांना. आणि त्या अभयातून महामार्ग जातो.