अंतराचं सूत्र देकार्तचं नव्हेच!

दहावीत निर्देशक भूमितीच्या धड्यात दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र घोकलं, तेव्हा मी धरूनच चाललो होतो की ते देकार्तचं. 'कार्टेशियन' हे नावच त्याच्यावरून पडलंय ना! पण त्याच्या १६३७ च्या 'ला जिओमेत्री'मध्ये हे सूत्र नाहीच. काटकोनात छेदणारे, ठरलेले दोन अक्षही नाहीत. ऋण निर्देशक तर तो विचारातच घेत नाही.

सूत्र नीट मांडलेलं सापडतं ते १७३१ मध्ये, म्हणजे ९४ वर्षांनी, अलेक्सी क्लेरो या फ्रेंच गणितज्ञाच्या पुस्तकात. प्रतलासाठी, आणि त्रिमितीसाठीसुद्धा. लेखकाचं वय १८! (त्या वयात माझं काय चाललं होतं, ते विचारू नका.)

एवढा उशीर का? मला वाटतं, कुणाचं अडलंच नव्हतं. पायथागोरसचं प्रमेय होतंच. दर वेळी काटकोन त्रिकोण काढायचा, कर्ण शोधायचा. सूत्रामुळे ती आकृती काढायचं कामच वाचलं. (−२, १) आणि (१, ५) घ्या. फरक ३ आणि ४, वर्ग ९ आणि १६, बेरीज २५, अंतर ५. फरक उलटा घेतलात, −३ आणि −४ आले, तरी वर्ग तेच. म्हणजे देकार्तने टाळलेल्या ऋण बाजूलाही हे सूत्र बिनधास्त चालतं.